२१२ पर्यायांचा ऑप्शन फॉर्म : ठाण्यातल्या एका प्रवेशाचं प्रकरण

अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात, म्हणजे कॅपमध्ये, विद्यार्थ्याला एका ऑप्शन फॉर्मवर जास्तीत जास्त ३०० पर्याय भरता येतात. एक पर्याय म्हणजे एक कॉलेज आणि त्यातली एक शाखा. २०२५-२६च्या प्रवेशाच्या वेळी ठाण्यातल्या वर्तकनगरच्या एका कुटुंबाने त्यातले २१२ भरले होते. मुदत संपायला दीड दिवस उरला होता आणि त्यांची मुलगी फॉर्म उघडला की रडू लागत होती. हे प्रकरण तिचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी ठाण्यात विद्यार्थी आणि पालकांचं समुपदेशन करते. प्रवेशाच्या दिवसांत ताण घेऊन येणारी मुलं दरवर्षी भेटतात, पण बहुतेकांना हवं ते मिळालेलं नसतं म्हणून ती आलेली असतात. या मुलीला अजून कुणीच काही नाकारलं नव्हतं. निकाल चांगला होता, घरचे पाठीशी होते, फीची सोय झाली होती, कॉलेजं भरपूर होती. तरी तिची झोप उडाली होती. म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

घर आणि ९६ पर्सेंटाइल

वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात देखभाल विभागात सुपरवायझर. आई पतपेढीत नोकरीला. घरात आजी आहे. मुलगी शांत, अभ्यासू, मोजकं बोलणारी. सीईटीच्या पीसीएम गटात तिला ९६च्या थोडं वर पर्सेंटाइल मिळालं. त्या वर्षी या गटाची परीक्षा चार लाखांवर मुलांनी दिली होती, म्हणजे तिच्या पुढे साधारण पंधरा-सोळा हजार मुलं होती.

हा आकडा मोठा अवघड असतो. ९९.८ मिळालेल्या मुलासमोर पाच-सहा नावं असतात आणि तीही सगळ्यांना पाठ असतात. ज्याला खूप कमी मिळाले त्याच्यासमोरही यादी आपोआप छोटी होते. मधल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना जवळपास प्रत्येक कॉलेजापुढे ‘कदाचित’ लिहावं लागतं. अमुक कॉलेजात कॉम्प्युटर थोडक्यात हुकेल, पण आयटी मिळेल. तमुक कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल, पण ते कॉलेज लांब. तिसरीकडे एआय-डेटा सायन्स जागावाटपाच्या पहिल्या फेरीत नाही, पण तिसऱ्या फेरीत लागू शकेल. बाहेरून हे स्वातंत्र्य दिसतं. आत बसलेल्याला मात्र प्रत्येक ‘कदाचित’चा हिशोब ठेवावा लागतो.

यादी वाढत कशी गेली

निकालाच्या रात्री मुलीने वहीच्या मागच्या पानावर सात नावं लिहिली होती. ते पान तिने मला नंतर दाखवलं. सातांपैकी पाच शाखा इलेक्ट्रॉनिक्सशी संबंधित होत्या आणि सगळी कॉलेजं ठाणे, नवी मुंबई किंवा मध्य मुंबईतली होती. हा कागद घरात कुणी पाहिलाच नाही. तिनेही पुढे केला नाही.

वडिलांनी एक्सेल शीट उघडली. मागच्या तीन वर्षांचे कटऑफ, फेरीनिहाय, प्रवर्गनिहाय. फी, प्लेसमेंटचे आकडे, स्टेशनपासूनचं अंतर. शनिवार-रविवार त्यांनी त्यातच घालवले. मग व्हॉट्सअॅपवर पालकांचे ग्रुप आले, यूट्यूबवर ‘या चुका करू नका’ सांगणारे व्हिडिओ आले. पुण्याहून मामाचा फोन आला, “पुणं का नको? हॉस्टेलला राहू दे की!” पुण्याची कॉलेजं यादीत चढली. पुण्याच्या बहुतेक कॉलेजांत मुंबई विद्यापीठाच्या मुलांना बाहेरच्या विद्यापीठांसाठी ठेवलेल्या ३० टक्के जागांतूनच प्रवेश मिळतो, तेव्हा त्या कटऑफसाठी शीटमध्ये वेगळे रकाने आले.

सगळ्यात जास्त घोळ शाखांच्या नावांनी घातला. आज एकेका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग असतं, त्याच्या शेजारी आयटी, एआय अँड डेटा सायन्स, शिवाय कॉम्प्युटर सायन्सच्या पुढे एआय-एमएल, डेटा सायन्स, आयओटी-सायबर सिक्युरिटी अशी शेपटं लावलेल्या शाखा. पहिल्या वर्षाचे विषय बहुतांश सामाईक असतात आणि पुढच्या वर्षांतही बराच अभ्यासक्रम एकमेकांवर चढलेला असतो. पण फॉर्मवर प्रत्येकाचा कोड वेगळा, कटऑफ वेगळा, म्हणून पर्यायही वेगळा. वाशीचं अॅग्नेल, नेरुळचं एसआयईएस आणि तेरणा, ऐरोलीचं दत्ता मेघे, कोपरखैरण्याचं लोकमान्य टिळक, घोडबंदर रोडचं ए. पी. शहा, कोपरीचं के. सी., नवीन पनवेलचं पिल्लई. नुसत्या ठाणे आणि नवी मुंबईच्या कॉलेजांना या शाखांनी गुणलं तरी यादी तीस-चाळीसच्या पुढे जाते. त्यात मुंबई आणि पुणे मिळवलं की २१२ व्हायला वेळ लागत नाही.

जेवताना वडील विचारायचे, “बाळा, चौदा नंबरला नेरुळचं आयटी ठेवू की ऐरोलीचं कॉम्प?” ती म्हणायची, “ठेवा काहीही.” आईला हे उत्तर उर्मटपणाचं वाटायचं. आपण तिच्यासाठी जिवाचं रान करतोय आणि तिला पर्वा नाही, असं तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं. ‘ठेवा काहीही’ हा थकवा आहे, हे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली.

दोन आठवड्यांत मुलीचं खाली बॅडमिंटन खेळायला जाणं बंद झालं. पहाटे दोन-तीनपर्यंत ती मोबाईलवर अनोळखी मुलांची मतं वाचत बसायची : कुठल्या कॉलेजात हजेरीची सक्ती आहे, कुठे कँटीन बेकार आहे. पोटात सतत कळ यायची. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. तिच्या ज्युनिअर कॉलेजात बायफोकल, म्हणजे अकरावी-बारावीचा व्यावसायिक विषय म्हणून, इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या मॅडमनी आईला माझा नंबर दिला.

पहिली भेट

तिघं आले. वडिलांच्या हातात लॅपटॉप होता. मी आधी मुलीशी एकटीशी बोलले.

“तुला काय हवंय?” या प्रश्नावर ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “पहिल्या दिवशी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आता मला कुठलंच आवडत नाही. सगळ्यांत काहीतरी वाईट आहे.”

या प्रकरणाची किल्ली मला या वाक्यात दिसली. दर नव्या पर्यायाबरोबर तिला तुलनेचं एक नवं कारण मिळालं होतं. वाशीचं कॉलेज ऐरोलीइतकं जवळ नाही, ऐरोलीच्या प्लेसमेंटचा आकडा चेंबूरसारखा नाही, चेंबूरला लोकलची गर्दी फार. प्रत्येक पर्याय दुसऱ्या कुठल्यातरी पर्यायासमोर उणा ठरत होता. निकालाच्या रात्री जे नाव तिला आवडलं होतं तेही आता उणं दिसत होतं. आणि या गर्दीत स्वतःच्या आवडीवरचा तिचा विश्वास उडाला होता.

मी पर्यायांबद्दल विचारणं सोडलं आणि अकरावी-बारावीबद्दल विचारलं. बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स का घेतलं? तिथे गाडी रुळावर आली. ब्रेडबोर्डवर ५५५ टायमर लावून एलईडी उघडझाप करायचा, आणि नाही झाला की एकेक वायर तपासत बसायचं, हे तिला मनापासून आवडायचं. “चूक कुठे आहे ते सापडतं,” ती म्हणाली. प्रोग्रॅमिंगही तिला जमत होतं, पण त्याबद्दल ती अशी बोलली नाही. दोन वर्षांचा प्रॅक्टिकलचा हा पुरावा घरातच होता. २१२ ओळींच्या शीटमध्ये त्याच्यासाठी रकाना नव्हता.

आणखी एक गोष्ट तिने आवाज खाली घेऊन सांगितली. तिला इतक्यात घर सोडायचं नव्हतं. मामा हॉस्टेलबद्दल इतक्या उत्साहाने बोलला होता की आपण नको म्हणालो तर घाबरट ठरू, असं तिला वाटत होतं.

वडिलांचं म्हणणं

मग वडील आत आले. त्यांना या गोष्टीतलं खलपात्र करणं सोपं आहे आणि ते पूर्णपणे चुकीचं होईल. ते शहापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेले. दहावीनंतर त्यांच्यासमोर एकच रस्ता होता, आयटीआय. फिटरचा ट्रेड मिळाला, तो घेतला. “मला कुणी विचारलंच नाही,” ते म्हणाले. “हिला विचारायला ३०० जागा आहेत. मी त्यातल्या अर्ध्या रिकाम्या ठेवू?”

ज्या माणसाने पर्याय नसणं सोसलंय, त्याला मुलीपुढे ठेवलेला प्रत्येक जास्तीचा पर्याय म्हणजे माया वाटते. ठाणे, कळवा, डोंबिवली, घणसोलीच्या कितीतरी घरांत मी हे पाहते. आधीच्या पिढीने एका फॉर्मवर आयुष्य काढलं आणि पुढच्या पिढीला रकाने भरता भरता धाप लागली. दोन्ही दुःखं खरी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

संशोधन काय सांगतं आणि किती सांगतं

या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा, २००० साली प्रसिद्ध झालेला. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एका किराणा दुकानात त्यांनी जॅमच्या चवी घ्यायला टेबल मांडलं. कधी त्यावर २४ प्रकार ठेवले, कधी ६. मोठ्या टेबलापाशी जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक थांबले, छोट्यापाशी ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी खरेदी करणारे मोठ्या टेबलाचे ३ टक्के आणि छोट्याचे ३० टक्के निघाले. रेलचेल लोकांना खेचते आणि ठरवायची वेळ आली की अडवते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

हा प्रयोग इतक्या ठिकाणी सांगितला जातो की ‘पर्याय कमी करा, सुखी व्हा’ हा जणू नियमच आहे, असं वाटू लागतं. तसं नाही. २०१० साली बेंजामिन शायबेहेने आणि सहकाऱ्यांनी अशा ५० प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य आला. काही प्रयोगांत जास्त पर्यायांनी त्रास झाला होता, काहींत फायदा. म्हणजे पर्यायांची नुसती संख्या माणसाला आजारी पाडत नाही. मग त्रास होतो कधी? २०१५ साली अलेक्झांडर चेर्नेव्ह आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर शोधलं. त्यांना चार गोष्टी महत्त्वाच्या दिसल्या : पर्यायांची मांडणी किती गुंतागुंतीची आहे, निवडीचं काम किती अवघड आहे, स्वतःला काय हवंय याची स्पष्टता किती आहे, आणि माणूस नुसता पाहायला आलाय की ठरवायला.

माझ्यासमोरच्या मुलीच्या बाबतीत चारही गोष्टी एकाच वेळी उलट्या पडल्या होत्या. पर्याय एकमेकांसारखे, नावं वेगळी, आणि प्रत्येकाचं मोजमाप वेगळं. कटऑफ आणि कँटीन यांची तुलना कुठल्या एककात करायची? मुदत तोंडावर. चुकलं तर चार वर्षं. आणि स्वतःची आवड यादीखाली पुरलेली. चौथी गोष्ट तर उघडच होती, इथे नुसतं पाहून परत जाता येत नव्हतं.

या चारांत मी तिसऱ्या गोष्टीला सर्वांत जास्त वजन देते. माणसाला काय हवंय ते माहीत असेल तर २०० साड्यांच्या दुकानातूनही तो पाच मिनिटांत बाहेर येतो. इथे यादी वाढत गेली तशी निवडणारी मुलगीच तिच्यातून पुसली गेली होती.

वडिलांनी रास्त मुद्दा काढला. “पण मॅडम, जास्त शोधलं तर जास्त चांगलं मिळतंच ना?” मिळतं. अय्यंगार, रेचल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांनी नोकरी शोधणाऱ्या अमेरिकी पदवीधरांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. जे ‘सर्वोत्तमच हवं’ म्हणून शोधत राहिले त्यांना सुरुवातीचा पगार इतरांपेक्षा २० टक्के जास्त मिळाला. पण मिळालेल्या नोकरीबद्दल ते कमी समाधानी होते, आणि शोधाच्या काळात जास्त चिंतेत आणि जास्त खचलेले. मी वडिलांना हे दोन्ही अर्धे भाग सांगितले. पहिला भाग लपवला असता तर त्यांनी दुसऱ्यावर विश्वास ठेवला नसता, आणि ते बरोबरच झालं असतं.

फॉर्म जॅमचं टेबल नाही

इथे एक व्यावहारिक पेच होता. जास्त पर्यायांनी त्रास होतोय तर २१२चे १० करा, हा सल्ला कॅपमध्ये धोक्याचा आहे. यादी छोटी ठेवली आणि त्यातलं काहीच लागलं नाही तर त्या फेरीत हाती जागा नाही. खालचे पर्याय झुल्यावरच्या कसरतपटूखालच्या जाळीसारखे असतात. ती काढायची नसते, पण कसरतपटूने जाळीचे धागेही मोजत बसायचं नसतं.

म्हणून आम्ही फॉर्मचे दोन तुकडे केले. वरचे दहा-बारा पर्याय विचाराचे. खालचे सगळे नियमाचे, चर्चेविना.

त्याआधी एक गैरसमज दूर करावा लागला. तो इतक्या घरांत आहे की इथे नीट लिहिते. ‘अशक्य कॉलेज वर टाकलं तर खालचं हातचं जाईल’ अशी भीती या कुटुंबालाही होती आणि म्हणून क्रम दहा वेळा फिरवला गेला होता. जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने होतं. तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचली जाते आणि तुमच्या प्रवर्गात जागा शिल्लक असलेला पहिला पर्याय तुम्हाला मिळतो. वरचं न मिळणारं नाव खालच्या नावाची संधी कमी करत नाही. तेव्हा अंदाजाने क्रम लावू नका, आवडीने लावा. काळजी फक्त एकाच ठिकाणी घ्यायची. २०२५-२६च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एक मिळाली, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाली, की ती जागा आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेरीची वाट बंद होते. म्हणून वरच्या सहांत असं एकही नाव नको जे मिळाल्यावर चेहरा पडेल.

मग मुलीला मी यादी न दाखवता तीन प्रश्न लिहून दिले. रोज किती वेळ प्रवास चालेल? आठवड्यात कुठल्या कामात तास गेला तरी कंटाळा येणार नाही? आणि कुठली गोष्ट अजिबात चालणार नाही? ती शेजारच्या खोलीत बसून लिहीत होती तेव्हा आई-वडील बाहेर होते. उत्तरं छोटी आली. घरापासून वर्गापर्यंत एका बाजूने दीड तासाच्या आत. हार्डवेअर असलेली शाखा आधी, कॉम्प्युटर चालेल पण नंतर. हॉस्टेल नको.

नोबेलविजेते हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकात दाखवलं होतं की माणूस प्रत्यक्षात सगळे पर्याय तोलत नाही, तेवढी त्याची कुवतही नसते. तो एक किमान पातळी ठरवतो आणि ती ओलांडणारा पर्याय घेतो. या तीन ओळी म्हणजे मुलीची पातळी होती. पुणं एका फटक्यात गेलं. पनवेलच्या पलीकडचं गेलं. वर्तकनगरहून बस किंवा शेअर रिक्षाने स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, वाशी, नेरुळ, हे दीड तासात बसत होतं. मध्य रेल्वेने माटुंगाही बसत होतं. शेपटांवरून भांडण उरलंच नाही, कारण कॉम्प्युटरच्या सगळ्या नावांना आम्ही एकच शाखा मानलं आणि त्यात फक्त कॉलेजाचा क्रम लावला.

आईची शंका नोकरीबद्दल होती. एक्सटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, घेतलं तर पुढे काय? कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच आयटी कंपन्या इतर शाखांची मुलंही घेतात, त्यामुळे तो दरवाजा बंद होत नाही, एवढं मी सांगितलं. अमुक शाखेत हमखास भवितव्य आहे असं मी कुणालाच सांगत नाही, आणि जे सांगतात त्यांच्यापासून पालकांनी दूर राहावं असं मला ठामपणे वाटतं.

वरचे बारा मुलीने स्वतः लावले. जाळीचं काम वडिलांना दिलं : दीड तासाच्या आतली सगळी कॉलेजं, आधी इलेक्ट्रॉनिक्स मग कॉम्प्युटर, कटऑफच्या उतरत्या क्रमाने, कुणालाही न विचारता. त्यांची शीट इथे खरोखर कामी आली. तासाभरात पूर्ण यादी तयार झाली. एकूण आकडा पन्नासच्या आसपास राहिला, पण डोकं फक्त बारांसाठी लागलं. फॉर्म कन्फर्म झाल्यावर तो पुन्हा उघडायचा नाही आणि रात्री दहानंतर प्रवेशाबद्दल घरात बोलायचं नाही, हे दोन करार आईने पाळायला घेतले.

बेटरमेंटचा आठवडा

पहिल्या फेरीत पाचव्या क्रमांकाचा पर्याय लागला. नवी मुंबईतलं कॉलेज, एक्सटीसी. पहिली पसंती नसल्यामुळे जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत बेटरमेंट, म्हणजे वरच्या पसंतीसाठी आणखी एक संधी, घेता येत होतं. ते घेणं बरोबरच होतं. पण या सोयीची एक किंमत असते आणि ती लगेच दिसली. पुढच्या फेरीसाठी फॉर्म पुन्हा भरता येतो, म्हणजे मिटलेला विषय पुन्हा उघडतो. मामाचा फोन पुन्हा आला. वडिलांनी पहिल्या फेरीचे नवे कटऑफ शीटमध्ये टाकले. मुलीच्या पोटात पुन्हा कळ आली.

डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचा २००२चा एक प्रयोग मला इथे फार उपयोगाचा वाटतो. फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवायचा होता. काहींना सांगितलं, निर्णय अंतिम. काहींना सांगितलं, पुढचे काही दिवस बदलून मिळेल. ज्यांना बदलण्याची मुभा होती त्यांना आपला फोटो कमी आवडला. तरीही आधी विचारलं तर लोक मुभाच मागतात. निर्णय पक्का झाला की मन त्याच्यातलं चांगलं शोधू लागतं, आणि दार उघडं असलं की ते दाराकडेच बघत राहतं.

मुलीच्या आईला मी हे फोनवर सांगितलं. त्या घरापुरता तोडगा साधा होता. बारा नावांचा क्रम बदलायचा नाही, फॉर्म तसाच पुन्हा भरायचा. वडिलांना हे जड गेलं, पण त्यांनी मानलं.

दुसऱ्या फेरीत तिसऱ्या क्रमांकाचा पर्याय लागला आणि नियमाप्रमाणे जागा फ्रीझ झाली. वडिलांना पहिल्यांदा हे नुकसान वाटलं. अजून दोन फेऱ्या होत्या आणि वर काही लागलं असतं तर? मुलगी त्या दुपारी झोपली ती संध्याकाळीच उठली. नंतर मला म्हणाली, “आता बघायचंच नाहीये ना, म्हणून बरं वाटलं.” आपोआप फ्रीझ होण्याच्या नियमावर पालक चिडतात, आणि ज्यांनी घाईत चुकीचं नाव वर टाकलं त्यांच्यासाठी तो खरंच कठोर आहे. या मुलीच्या बाबतीत मात्र त्याने जे केलं ते तिला किंवा मला करता आलं नसतं.

वर्ग सुरू झाल्यावर

निवड झाली की प्रकरण संपलं असं समजणं घाईचं ठरेल. न घेतलेले पर्याय डोक्यात शिल्लक राहतात आणि ते जितके जास्त तितकी हळहळ जास्त. तिसऱ्या फेरीनंतर ग्रुपवर कुणीतरी टाकलं की तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलच्या एका मुलाला दुसऱ्या एका कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं. वडिलांनी ते तिला दाखवलं नाही, पण स्वतः दोन दिवस अस्वस्थ होते. आईने सांगितल्यावर ते मला एकटे येऊन भेटले. तेव्हा आम्ही त्यांच्या आयटीआयबद्दल जास्त बोललो आणि प्रवेशाबद्दल कमी. ग्रुप त्यांनी सोडलेला नाही, फक्त म्यूट केला आहे.

दिवाळीच्या आधी मुलगी पुन्हा आली होती. झोप पूर्ववत, पोटदुखी गेलेली, बॅडमिंटन सुरू. गणित तिला जड जात होतं आणि पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले होते. पण ते ती अडचण म्हणून सांगत होती, कॉलेज चुकलं म्हणून नाही. ऐरोलीत असते तर बरं झालं असतं का, असा प्रश्न तिच्या बोलण्यात आला नाही. वडील मात्र अधूनमधून विचारतात, दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलून मिळते का. ती म्हणते, “बाबा, मला नकोय,” आणि विषय तिथे थांबतो. फॉर्मच्या दिवसांत ती ‘ठेवा काहीही’ म्हणाली असती.

तिच्या ज्युनिअर कॉलेजातल्या मॅडमनी हे तीन प्रश्न आता बारावीच्या वर्गात जानेवारीतच द्यायचं ठरवलं आहे. तेव्हा सीईटी झालेली नसते, कटऑफ डोळ्यांसमोर नसतो, आणि फॉर्म भरायच्या तीन-चार दिवसांची धावपळ नसते. मुलांनी कागद वर्गात बसून एकट्याने भरायचा, घरी नेऊन दाखवायचा आणि निकाल लागेपर्यंत घरातल्या कुणीतरी जपून ठेवायचा. जूनमध्ये यादी उघडण्याआधी तो टेबलावर असायला हवा. मी या कामात मदत करते आहे.

पालकांच्या बैठकीत एका आईने विचारलं, मुलाने तिन्ही ठिकाणी ‘माहीत नाही’ लिहिलं तर? तर तो कागदही जपून ठेवा, असं मी सांगितलं. माहीत नाही हे जानेवारीत कळलं तर हातात पाच महिने असतात. एखाद्या कॉलेजची प्रयोगशाळा बघून या, ओळखीतल्या इंजिनिअरबरोबर त्याच्या कामाच्या ठिकाणी एक दिवस घालवू द्या, सकाळी सातच्या ट्रान्स-हार्बरने मुलाला एकदा नेरुळपर्यंत जाऊन येऊ द्या. आणि तोवर घरात एकाही कॉलेजचं नाव काढू नका.